डिझेल पुरं, दम अपुरा

"उभा असला का बराबर चालते, बांधीत उतरला का दम सोडते. सर, डिझेल तर पुरं आहे, मंग काहून?"

पवनी तालुक्यातल्या आसगावच्या एका वाचकाचा हा फोन ऐन रोवणीत आला. पऱ्हे तयार, बांधीत पाणी साचलेलं, रोवणीच्या बाया ठरलेल्या. आणि वीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर केज व्हील लावून चिखलणीला उतरला की थोडं अंतर कापून घरघरत बसतो. रोवणीतला एक दिवस हातचा गेला तर तो पुन्हा मिळत नाही. दोनच दिवसांनी भंडाऱ्याकडे जाणं होतं, तेव्हा वाट वाकडी करून आसगाव गाठलं.

त्यांच्या प्रश्नातच अर्धं उत्तर होतं. उभ्या इंजिनाला फक्त स्वतःला फिरवायचं असतं. त्याला डिझेल चिमूटभर लागतं आणि त्या मानाने हवा भरपूर असते. दम्याचा माणूस ओट्यावर बसून तासभर छान गप्पा मारतो. डोक्यावर धानाचा भारा देऊन चार पावलं चालवलं की दुखणं कळतं. म्हणून अंगणात ट्रॅक्टर सुरू करून, रेस देऊन 'इंजिन चांगलं आहे' असा निकाल देणं मला कधीच पटत नाही. बोजाखाली इंजिन कसं वागतं ते बोजाखालीच पाहायला हवं.

बांधीत चाकं चिखल धरतात, इंजिनाच्या फेऱ्या कमी होऊ लागतात, आणि चालवणाऱ्याने काहीही न करता पंपातला गव्हर्नर कामाला लागतो. हाताने ओढायची रेसची दांडी डिझेल किती जावं हे थेट ठरवत नाही. ती फक्त वेग किती हवा ते सांगते. तो वेग राखायचं काम गव्हर्नरचं. फिरणारी दोन वजनं वेग वाढला की बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. वेग घटला की स्प्रिंग त्यांना आत मिटवते आणि डिझेल वाढतं. सेन्सर नाही, वायर नाही. लोखंडाला स्वतःचाच वेग कळतो, आणि तो चुकला की ते स्वतःच सावरू पाहतं. मला तर हे यंत्रांच्या इतिहासातलं सगळ्यात देखणं कोडं वाटतं.

याचं श्रेय शाळेच्या पुस्तकातून जेम्स वॉटला मिळतं. 1788 साली त्याच्या वाफेच्या इंजिनावर हे फिरते गोळे बसले, हे खरं. पण कल्पना पवनचक्क्यांवर पीठ दळणाऱ्यांकडून आली होती. वारा वाढला-पडला तरी जात्याच्या दोन तळ्यांमधलं अंतर सांभाळायला ते असेच गोळे वापरत. वॉटचा भागीदार बोल्टन याने ते एका गिरणीत पाहून वॉटला कळवलं. वॉटने या गोळ्यांवर पेटंटही घेतलं नाही.

पण या गोष्टीतला माझा आवडता माणूस आहे जेम्स क्लर्क मॅक्सवेल. वीज आणि चुंबकत्वाच्या समीकरणांमुळे तो सगळ्यांना ठाऊक आहे, गव्हर्नरमुळे जवळजवळ कुणालाच नाही. 1860च्या दशकात ब्रिटनमध्ये विद्युतरोधाचं प्रमाण, म्हणजे पुढचा ओहम, ठरवायचं काम चाललं होतं. त्यासाठी तारेचं वेटोळं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अगदी एकसारख्या वेगाने फिरवावं लागे. वेग राखायला फ्लीमिंग जेंकिनने गव्हर्नर बनवला होता, आणि मॅक्सवेल त्या प्रयोगात होता. त्यातून 1868 साली त्याने रॉयल सोसायटीपुढे 'ऑन गव्हर्नर्स' हा छोटासा निबंध मांडला. वेग बिघडला तर तो बिघाड हळूहळू विरतो, की डुलत डुलत वाढत जातो, याचं गणित त्यात आहे. ट्रॅक्टर एका जागी उभा असताना आपोआप रेस घेतो-सोडतो, मेकॅनिक ज्याला 'हंटिंग' म्हणतात, ते या गणितातलं डुलणंच. पुढे 1948 साली नॉर्बर्ट वीनरने स्वयंनियंत्रणाच्या नव्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' नाव दिलं, ते याच निबंधाची आठवण ठेवून. मधल्या काळात फार थोड्यांनी तो वाचला. विजेच्या समीकरणांएवढं कौतुक या निबंधाच्या वाट्याला यायला हवं होतं.

आसगावच्या बांधीत त्यातली एक बारीक गोष्ट फार कामाची आहे. मॅक्सवेलने वेग सावरणाऱ्या साधनांचे दोन प्रकार केले: वेगातली घट पुरती भरून काढणारी, आणि थोडी घट शिल्लक ठेवणारी. आपल्या जुन्या ट्रॅक्टरचा साधा गव्हर्नर दुसऱ्या जातीचा. जादा डिझेल चालू ठेवायचं तर वजनं आत मिटलेली राहायला हवीत, आणि ती मिटलेली राहायची तर वेग थोडा कमीच राहायला हवा. म्हणजे बोजा आल्यावर आवाज जरा जड होणं हा बिघाड नाही, ती रचनाच आहे. आवाज जड होऊन तिथेच टिकला तर इंजिन निरोगी. उतरत उतरत बसला तर गव्हर्नरने दार सताड उघडूनही मदत पोचत नाही.

कोणती मदत पोचत नाही, ते धूर सांगतो. आम्ही ट्रॅक्टर बांधीत उतरवला. सायलेन्सरमधून दाट, काजळीसारखा काळा धूर निघाला. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन: डिझेल आलं, हवा आली नाही. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे 10 हजार लिटर हवा लागते, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. आपण टाकीत डोकावतो, कारण डिझेलचे पैसे मोजावे लागतात.

एअर क्लीनरच्या खालची वाटी काढली. हा तेलाचा जुना प्रकार: आत येणारी हवा तेलाजवळ एकदम उलटी वळते, जड धूळ वळू शकत नाही आणि तेलात पडते. इथे तेल उरलंच नव्हतं. तळाला बोटाने खरवडावा असा काळा चिकट थर, त्यात धानाचं तूस, काडीचे तुकडे. वरची जाळी नमद्यासारखी झालेली. मे महिन्यात उन्हाळी धानाची चुरणी याच ट्रॅक्टरवर झाली होती, थ्रेशरच्या धुरळ्यात दिवसचे दिवस. चिखलणीला धूळ नसते, म्हणून एअर क्लीनरचा संशयच कुणाला आला नव्हता.

धूर काळा नसता, इंजिन नुसतंच गळून गेलं असतं, तर मी उलट्या बाजूने गेलो असतो. आधी टाकीचं झाकण सैल करून पाहायचं. झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि डिझेल ओढलं जात नाही. मग डिझेल फिल्टर आणि खालच्या काचेच्या वाटीतलं पाणी, पावसाळ्यात तर नक्कीच. पांढरा धूर असता तर टायमिंग आणि कॉम्प्रेशन. आणि इंजिनाचा आवाज चढाच राहून चाकं थांबली असती तर इंजिनाला दोष द्यायचं कारण नव्हतं. क्लच घसरत होता.

त्यांना मात्र एकाने आधीच सल्ला दिला होता: 'पंप वाढवून घ्या.' म्हणजे डिझेलची कमाल मर्यादा सोडवून आणखी डिझेल पाठवायचं. हा सल्ला गावोगाव ऐकू येतो आणि मला त्याची खरंच चीड येते. श्वास कोंडलेल्या इंजिनाला जादा डिझेल दिलं तर ते काजळी होतं, नोझल आणि पिस्टनवर बसतं, धुराच्या वाटेची उष्णता वाढते. दोन हंगामांत इंजिन खोलायची पाळी येते, आणि नाव जुन्या ट्रॅक्टरचं खराब होतं. दम वाढवणारी म्हणून डिझेलमध्ये टाकायची औषधंही अशा वेळी निरुपयोगी. त्यांच्या बाटलीतून हवा येत नाही.

वाटी डिझेलने धुतली, जाळी धुऊन निथळवली, नवं तेल खुणेपर्यंतच भरलं. खुणेच्या वर गेलं तर इंजिन ते तेलच ओढून घेतं. तासाभराने ट्रॅक्टर पुन्हा बांधीत. केज व्हीलने चिखल धरला, आवाज थोडा जड झाला, मी श्वास रोखून ऐकत होतो, आणि तो त्याच सुरावर टिकला. धूर फिका करडा.

"आता धरते," ते म्हणाले आणि धुऱ्यापासून दुसऱ्या फेरीला वळले.