ओसरीवरची भेट

डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलेलं आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात घोड नदीकाठची महादेव कोळ्यांची भातखाचरं या पाण्याखाली गेली. पुढे याच विस्थापितांनी पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी कसल्या, जलाशयात मासेमारीसाठी सहकारी संस्था उभी केली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची ‘शाश्वत’ संस्था त्यांच्यासोबत होती. असं काम ठरावापासून सुरू होत नाही. आधी कुणीतरी कुणाच्या तरी ओसरीवर बसून ऐकावं लागतं.

हे ऐकणं शिकवता येतं, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते. सॉल अलिन्स्की यांनी 1940 साली शिकागोत ‘इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन’ स्थापन केलं. एडवर्ड चेंबर्स यांनी पुढे तिथल्या प्रशिक्षणात एकेका माणसाच्या भेटीला मध्यवर्ती स्थान दिलं. 1952 मध्ये फ्रेड रॉस कॅलिफोर्नियात एका तरुणाला गाठायला त्याच्या घरी खेटे घालत होते आणि तो त्यांना चुकवत होता. तो तरुण म्हणजे पुढे शेतमजुरांची युनियन उभारणारे सीझर चावेझ. आपल्याकडे 1945 पासून गोदावरी परुळेकर वारल्यांच्या पाड्यापाड्यांवर हिंडल्या.

अशी भेट साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. हातात फॉर्म नाही, पत्रक नाही. कार्यकर्त्याने थोडं बोलायचं, पण स्वतःबद्दल काहीच न सांगता नुसती चौकशी करायची नाही. समोरच्याला कशाची चीड आहे, कशासाठी तो रात्रीही उठून येईल, हे शोधायचं. टिपणं निघाल्यावर लिहायची. प्रशिक्षणात दोघे सगळ्यांसमोर बसून सराव करतात. कार्यकर्ता कुठे मध्येच तोडून सल्ला द्यायला लागला, ते इतर दाखवून देतात. ही खोड सर्वांत चिवट असते.

प्रश्न तिथल्या जगण्यातून आला पाहिजे. जुन्नरच्या पश्चिमेकडे ‘अडचणी काय?’ विचारलं की रस्ता, पाणी, वीज एवढंच कानावर येईल. ‘यंदा पडकईला कुणाकुणाच्या शेतात जाणार?’ असं विचारलं तर वेगळंच कळेल. पडकई म्हणजे डोंगरउतारावर मिळून खाचरं काढायची जुनी पद्धत. त्या एका उत्तरात कोण कुणावर विसंबतं, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळा पाडा उलगडतो. 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात इथल्या हिरड्याचं नुकसान झालं, तेव्हा किसान सभेने भरपाईसाठी लढा दिला. अशा लढ्यात कुणाचं किती नुकसान झालं हे घरोघरी बसूनच कळतं.

भाताच्या लावणीत मात्र कुणाला गाठू नये. आणि ओसरीवर बहुधा पुरुषच बोलतो. हिरडा गोळा करणाऱ्या, वाळवणाऱ्या बाईचं म्हणणं ऐकायचं तर कार्यकर्तीने तिच्यासोबत हिरडा वेचत बसावं.