एसी पंप की इलेक्ट्रिक?

जुनी पद्मिनी सांभाळणाऱ्याला कधी ना कधी हा सल्ला मिळतोच: "साहेब, हा एसी पंप काढून टाका, इलेक्ट्रिक बसवून घ्या, कटकटच नको." मेकॅनिक काही खोटं बोलत नसतो. पण कटकट नेमकी कसली होती हे आधी पाहिलं नाही, तर पंप बदलूनही ती जागच्या जागी राहते आणि वर वायरिंगची नवी कटकट पदरात पडते.

गाडी कशी वापरली जाते, यावर यातलं निम्मं उत्तर ठरतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून निघालेली फियाट ११००डी आणि पुढे तिचीच झालेली पद्मिनी ही रोज पळणारी गाडी होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तर ती दिवसभर गरमच असायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेच्या नियमाने शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्या आहेत त्या बहुतेक हौसेच्या, पंधरा दिवसांतून एखाद्या रविवारी बाहेर निघणाऱ्या. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, पंपही तोच. पण गाडीचं जगणं बदललं आहे.

आधी इंजिनाला पेट्रोल पुरवणारा मूळचा पंप बघू. गॅरेजात त्याला एसी पंप म्हणतात. थंड हवेशी त्याचा काही संबंध नाही. हा इंजिनाच्या ब्लॉकला बाहेरून दोन बोल्टांवर बसतो आणि त्याची दांडी आत कॅमशाफ्टपर्यंत जाते. तिथे एक चकती असते, केंद्रापासून जरा सरकवून बसवलेली. ती फिरताना दांडीला ढकलते, दांडी डायफ्राम खाली ओढते, त्याच्या खालची स्प्रिंग दाबली जाते. वर पोकळी झाली की आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढलं जातं. चकती पुढे सरकली की दांडी सुटते. आता पेट्रोल वर कोण ढकलतं? दांडी नाही, ते काम स्प्रिंगचं. हा बारकावा कळला की अर्धा पंप कळला.

कार्बोरेटरच्या वाटीतला फ्लोट पेट्रोल भरलं की वर येतो आणि नीडल बंद करतो. पुढे वाट नाही म्हटल्यावर पेट्रोल पंपातच थांबतं, डायफ्राम खालीच राहतो, आणि दांडी नुसती रिकामी हलत राहते. वाटीतलं पेट्रोल जरा उतरलं, नीडल उघडली, की स्प्रिंग हवं तेवढंच पुढे सारते. म्हणजे दाब ठरतो तो स्प्रिंगच्या ताकदीवर, इंजिनाच्या वेगावर नव्हे. साधारण २ ते ४ पीएसआयच्या आत सगळा कारभार. रेग्युलेटर नको, फ्यूज नको. इंजिन थांबलं की पंप थांबला, त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. जुन्या काळच्या माणसांनी केलेली ही योजना मला आजही अत्यंत देखणी वाटते.

आता गरज किती? चाळीस-बेचाळीस अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटरवर तासाला बारा ते पंधरा लिटर पेट्रोल पितं. मिनिटाला पाव लिटर धरा. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणजे ४००० आरपीएमला पंपाचे मिनिटाला २००० ठोके. धड डायफ्राम एवढं पेट्रोल आरामात देतो. तेव्हा मूळ इंजिनाच्या पद्मिनीत "पंप कमी पडतोय" असं कुणी म्हणालं, तर पंपाची ताकद कमी आहे असा अर्थ बहुधा नसतो. कुठेतरी वाट अडलेली असते, नाहीतर लाइन एअर घेत असते.

ते शोधायला फार हत्यारं लागत नाहीत. गाडी चार-पाच किलोमीटर जाऊन गचके देऊ लागली, तर आधी टाकीचं झाकण उघडा. "स्स्" करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. पंप बिचारा पोकळीतून पेट्रोल ओढत होता. मग टाकी ते पंप या टप्प्यातले रबरी पाइप बघा. या बाजूला पेट्रोल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे पाइप चिरला तरी बाहेर थेंब गळेलच असं नाही, आत हवा मात्र शिरते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत आणि गाडी उपाशी.

एवढ्यावर भागलं नाही तर थंड इंजिनावर, उघड्या जागी, कॉइलची वायर काढून ठेवा. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून बाटलीत धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दर ठोक्याला जोरदार चिळकांडी यायला हवी. नुसतं ओघळत असेल, तर पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला वेगळा छोटा पाइप लावून तो पेट्रोलच्या डब्यात बुडवा आणि पुन्हा सेल्फ मारा. आता चिळकांडी आली, तर पंप निर्दोष. दोष मागे आहे. ही दहा मिनिटांची परीक्षा न करता पंप बदलणं म्हणजे अंदाजपंचे काम.

डायफ्राम खरंच फाटला असेल तर पेट्रोल पंपाच्या पोटाखालच्या भोकातून ठिबकतं, किंवा आतल्या आत इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. दुसरा प्रकार वाईट. डिपस्टिकवर ऑइल पातळ दिसतं, पातळी न भरता वाढलेली असते आणि नाकाजवळ नेलं की पेट्रोलचा भपकारा येतो. असं दिसलं तर गाडी चालवू नका. ते ऑइल बेअरिंगला वंगण म्हणून राहिलेलं नसतं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून किट टाकताना इथेनॉल सोसणारं रबर आहे का, हे विचारून घ्या; पडून राहिलेला जुना माल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. पंप आणि ब्लॉक यांच्यामधलं जाड पॅकिंगही मूळ जाडीचंच हवं. ते ब्लॉकची उष्णता अडवतंच, शिवाय दांडीचा पल्लाही त्याच्यावर ठरतो. जाडी वाढली की ठोका तोकडा, कमी झाली की दांडीवर ताण.

आता घाट. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवलेल्या फियाट कित्येकांनी पाहिल्या असतील. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडते, वारा कमी, ब्लॉक तापलेला, आणि त्यालाच चिकटून पंप. त्यात ओढणाऱ्या बाजूला पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. पाइपात वाफ झाली की पंप वाफच दाबत-सोडत बसतो. पेट्रोल येत नाही. फडक्याने पंप निवतो, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, गाडी निघते. इथे इलेक्ट्रिक पंपाचा फायदा खरा आहे. तो मागे टाकीजवळ बसतो, गरमीपासून लांब, आणि पुढची सगळी लाइन दाबाखाली ठेवतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही.

मात्र एक वेगळं दुखणंही लोक हेच समजतात. घाट चढून वर चहाला थांबलात, दहा मिनिटांनी सेल्फ मारला आणि गाडी पेट्रोलचा वास मारत सुरूच होईना. हे कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल इंजिनाच्या धगीने उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडल्यामुळे होतं. गाडी ओव्हर झालेली असते. याला इलेक्ट्रिक पंपाचा काही उपयोग नाही. कार्बोरेटरखालचं उष्णतारोधक पॅकिंग, फ्लोटची पातळी, नीडल, हे बघायचं. घाटात चालता चालता उपाशी मरते ती एक गाडी, थांबल्यावर पिऊन बसते ती दुसरी.

इलेक्ट्रिकचा दुसरा फायदा हौशी गाडीला जास्त लागू पडतो. पंधरा दिवस उभ्या गाडीच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं. मग सेल्फवर इंजिन जेमतेम दीडशे आरपीएमने फिरतं, म्हणजे पंपाचे मिनिटाला पंचाहत्तर ठोके. वाटी भरेपर्यंत बॅटरी रडकुंडीला येते. इलेक्ट्रिक पंप इंजिन फिरण्याआधीच वाटी भरून ठेवतो. काही एसी पंपांना हाताने पेट्रोल चढवायची छोटी दांडी असते. तुमच्या पंपाला ती असेल तर हा प्रश्न फुकटात सुटला.

बसवायचाच ठरला तर बाजारात मिळेल तो पंप उचलू नका. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीस पीएसआयच्या पुढे दाब देतो. तो कार्बोरेटरला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. कार्बोरेटरसाठी म्हणून विकले जाणारे स्वस्त पंपही कधी कधी सहा-सात पीएसआय देतात. एवढ्या दाबापुढे फ्लोटचं बळ कमी पडतं, नीडल उचलली जाते आणि वरून पेट्रोल सांडतं. तेव्हा कमी दाबाचाच पंप घ्या, नाहीतर रेग्युलेटर लावा आणि एकदा तरी गेज जोडून दाब डोळ्यांनी बघा. पंपाची जागा टाकीच्या शेजारी, शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली. हे पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चे. फिल्टर पंपाच्या आधी. करंट बॅटरीकडून फ्यूज आणि रिलेमार्गे, आणि अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. रंगावर आवळलेल्या अर्थिंगमुळे "नवा पंप गेला" म्हणून परत आणलेले पंप पुष्कळ असतात.

एसी पंप जागेवर ठेवून मागे इलेक्ट्रिक जोडायची पद्धतही दिसते, मदतीला दोघे असावेत म्हणून. मला ती अजिबात पसंत नाही. पुढचा डायफ्राम कधी फाटला, तर मागचा पंप दाब देऊन टाकीतलं पेट्रोल सरळ चेंबरमध्ये ओतेल. जुना काढा, जागेवर पट्टी आणि पॅकिंग लावून भोक बंद करा.

रोज चालणाऱ्या, घाट फार न चढणाऱ्या मूळ इंजिनाच्या गाडीला मी एसी पंपच ठेवीन आणि नवं किट टाकीन. वारंवार घाटात बसणारी किंवा महिनामहिना उभी राहणारी गाडी असेल तर इलेक्ट्रिकला ना नाही, पण एका अटीवर: इंजिन थांबलं की पंप आपोआप थांबला पाहिजे. अपघातात पाइप तुटला आणि चावी चालूच राहिली, तर साध्या वायरिंगचा पंप गरम इंजिनावर पेट्रोल ओतत राहतो. त्यासाठी कॉइलचे ठोके ओळखणारा रिले मिळतो. चावी फिरवली की तो दोन-तीन सेकंद पंप चालवतो, इंजिन सुरू झालं नाही तर बंद करतो. ऑइल प्रेशर स्विचवरही हे जमतं, पण मग सुरुवातीला वाटी भरायला वेगळं पुशबटण द्यावं लागतं.

गाडी ताब्यात घेताना ही व्यवस्था खरंच आहे का ते पाहून घ्या. नुसती चावी लावून पंपाची टिकटिक थांबते का, एवढं ऐकणं पुरत नाही, कारण वाटी भरली तरी ती थांबते. कार्बोरेटरकडचा पाइप सोडून बाटलीत धरा, इंजिन सुरू न करता चावी फिरवा. दोन-तीन सेकंदांनी धार तुटली तर रिले जोडलेला आहे. बाटली भरतच राहिली तर चावी काढा आणि गाडी तिथेच ठेवून या.