टेकडी चढा, कॅनॉल धरा!

‘या वीकेंडला काय?’ या प्रश्नाचं उत्तर मॉल, मल्टिप्लेक्स नाहीतर लोणावळ्याच्या ट्रॅफिक जॅममध्ये शोधून कंटाळा आलाय? मग दोस्तहो, एक वेगळा बेत करून बघा. गाडी नको, टोल नको, रिसॉर्टचं बुकिंग तर नकोच. चांगले बूट, दोन बाटल्या पाणी आणि दिवसभर बडबड करणारे चार-पाच मित्र, एवढं भांडवल पुरे. पर्वती चढायची, मागच्या टेकड्यांवरून तळजईला जायचं, सिंहगड रोडच्या बाजूला उतरायचं आणि मुठा उजव्या कालव्याचा, म्हणजे पुणेकरांच्या ‘कॅनॉल’चा काठ धरून थेट खडकवासला गाठायचं. अंतर साधारण १५-१६ किलोमीटर. रमतगमत चाललात तर पूर्ण दिवसाचा कार्यक्रम.

एकशे तीन पायऱ्या आणि एक हिरवी रेघ

नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं. तिथल्या १०३ पायऱ्या सकाळी सातला चढताना आमच्या ग्रुपमधला टेस्टिंगवाला मित्र तीनदा ‘चहा ब्रेक’ म्हणाला. चहा कुठेच नव्हता! पण वर पोचलात की लगेच कॅमेरा काढू नका. आधी टेकडीच्या पायथ्याकडे बघा. घरांच्या गर्दीतून झाडांची एक रेघ वळसे घेत गेलेली दिसते. तोच आपला कॅनॉल.

तो एवढा वाकडातिकडा का? कारण त्याला पंप नाही. पाणी आपल्या वजनाने वाहत न्यायचं, तर कालव्याला अगदी बेताचा उतार लागतो. नदी दरीच्या तळाशी उतरत जाते. कालवा मात्र आपली उंची जपत टेकड्यांना बिलगून, वळणं घेत पुढे सरकतो. चालणाऱ्यांचा फायदा असा, की काठावर एकदा पोचलं की चढ-उतार संपले.

मोर बोनस!

पर्वतीच्या मागून तळजईकडे जाणारी वाट वनविभागाच्या जंगलातून जाते. इथे लावलेली गिरीपुष्पाची झाडं थंडी सरता सरता गुलाबी फुलांनी भरतात. नशीब जोरावर असेल तर मोर दिसतो. नसेल तर निदान आवाज तरी ऐकू येतो. शहराच्या इतक्या मध्यात पाचोळ्यावर पाय वाजतोय, ही भावनाच भन्नाट आहे. डबे उघडायला तळजईची सावली बेस्ट.

मग सिंहगड रोडच्या बाजूला उतार. वस्ती, दुकानं, हॉर्न... आणि एकदम समोर भराव आणि वाहतं पाणी.

सगळंच पोस्टकार्ड नाही

हिंगणे, आनंदनगर, वडगावचा टप्पा गोड दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. प्लास्टिक आहे, राडारोडा आहे. जिथे काठाची वाट बंद असेल तिथे मुकाट्याने रस्त्यावर यायचं. पण नांदेड फाटा, किरकटवाडीकडे सरकताना इमारतींची गर्दी विरळ होते, झाडं वाढतात. काठावर गोधड्या धुणाऱ्या बायका भेटतात. आमची एचआरवाली मैत्रीण एका आजींशी गप्पा मारत बसली. ‘पाणी सुटलं की आमचा सण,’ आजी म्हणाल्या.

‘पाणी सुटलं’ या दोन शब्दांत कॅनॉलची सगळी गोष्ट आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात. त्यावर आपला शॉवर चालतो आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही. कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळीला ‘आवर्तन’ म्हणतात. ते कधी आणि किती दिवस, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. उन्हाळा आला की शहर आणि गाव यांच्यात रस्सीखेच ठरलेली. आवर्तन लांबलं किंवा वाटेतच पाणी उचललं गेलं, तर सगळ्यात आधी कोरडा राहतो तो ‘टेल’चा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी. ऑफिसच्या वॉशरूममध्ये नळ उघडा ठेवून दात घासणाऱ्यांनी हा वॉक एकदा करावाच!

आणि पाणी चिडलं तर? २७ सप्टेंबर २०१८ ला पर्वती पायथ्याशी, दांडेकर पुलाजवळ याच कालव्याचा भराव फुटला आणि शेकडो घरांत पाणी शिरलं. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुणेकर त्यावर बरेच हसले. ज्यांचे संसार वाहून गेले, त्यांना हसू येणं शक्यच नव्हतं.

दिवसाच्या शेवटी खडकवासला. मूळ धरण ब्रिटिशांनी १८७०च्या दशकात बांधलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात तेही फुटलं. पुढे पुन्हा उभं राहिलं. चौपाटीवर गरम कांदाभजी, भाजलेलं कणीस आणि मावळता सूर्य. दुखणाऱ्या पायांना याहून मोठा बोनस कुठली कंपनी देणार?

बघून घ्या, आत्ताच

खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत हे पाणी बोगद्यातून न्यायची योजना आहे. गळती, चोरी आणि बाष्पीभवन थांबेल, हा त्यामागचा हिशेब. तो टेलच्या शेतकऱ्यासाठी मोलाचा आहे. पण मग शहरातल्या या मोकळ्या पट्ट्याचं काय करायचं? रस्ता, की सावलीची पायवाट? ज्या जागेवरून आपण कधी चाललोच नाही, तिच्यासाठी आपण बोलणार तरी काय? म्हणून आधी चालून या. मत आपोआप तयार होईल.

जाण्यापूर्वी

• कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी सातला सुरुवात.
• कसं : स्वारगेटपर्यंत मेट्रो, तिथून चालत पर्वती. येताना खडकवासल्याहून पीएमपीची बस.
• खाणं : डबा आणि पाणी सोबत ठेवा. कचरा परत आणा.
• सावधान : कालव्यात उतरू नका. काठ निसरडा असतो आणि पाण्याला दिसतो त्यापेक्षा जास्त वेग असतो. सेल्फीसाठी तर अजिबात नाही.