उंच, लांब नाकाची मेरी विक्स

१९६४ साली डिस्नेचा ‘मेरी पॉपिन्स’ आला आणि छत्री धरून आभाळातून उतरणारी ज्युली अँड्र्यूज जगभरच्या मुलांच्या मनात घर करून बसली. पण पडद्यावरची पहिली मेरी पॉपिन्स ती नव्हे. तिच्या पंधरा वर्षं आधी, १९ डिसेंबर १९४९ रोजी, सीबीएसच्या ‘स्टुडिओ वन’ या नाट्यमालिकेत ही भूमिका एका पाच फूट दहा इंच उंचीच्या, हाडकुळ्या, लांब नाकाच्या, कोरड्या आवाजाच्या बाईने केली होती. तिचं नाव मेरी विक्स. आणि मूळ पुस्तक उघडून पाहिलं तर आणखी नवल वाटतं. पी. एल. ट्रॅव्हर्सच्या १९३४ च्या पुस्तकातली ही मुलं सांभाळणारी बाई देखणी नाहीच. ती काटकुळी आहे, मोठ्या हातापायांची, लाकडी बाहुलीसारखी दिसणारी, तोऱ्यात वागणारी. कुणी फार प्रश्न विचारलेले तिला खपत नाहीत. ज्युली अँड्र्यूज कितीही गोड असो, पुस्तकाच्या जास्त जवळची मला विक्सच वाटते.

ते १९४९ चं सादरीकरण थेट होतं. टीव्हीसाठी चित्रफीत वापरात यायला १९५६ उजाडायचं होतं. त्यामुळे तासाभराचं नाटक कॅमेऱ्यांसमोर घडायचं आणि त्याच क्षणी लोकांच्या घरात पोचायचं. एका नेपथ्यावरून दुसऱ्यावर धावत जायचं, जाड केबलींवरून पाय जपून टाकायचे, आणि वाक्य विसरलं तर विसरलेलंच घराघरांत जायचं. मग हे नाटक आज पाहायला कसं मिळतं? त्यासाठी एक साधी युक्ती होती. टीव्हीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावायचा आणि दिसेल ते फिल्मवर टिपून घ्यायचं. अशा नोंदीला किनेस्कोप म्हणत. अमेरिकेचे पूर्व आणि पश्चिम किनारे जोडणारं प्रक्षेपणाचं जाळं १९५१ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं. तोवर लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांपर्यंत न्यूयॉर्कचं नाटक पोचायचं ते फिल्मच्या डब्यांतून, शिळं होऊन. ही गरज नसती तर टीव्हीवरची पहिली मेरी पॉपिन्स हवेत विरून गेली असती.

विक्सची कारकीर्द मी जितकी पाहत जातो तितका एकाच गोष्टीने थक्क होतो. रंगमंच, थेट प्रक्षेपण, फिल्मवरची विनोदी मालिका, चित्रकाराची पेन्सिल, शेवटी नुसता ध्वनिमुद्रक. माध्यमं अशी एकामागून एक बदलत गेली आणि प्रत्येकाला ही बाई हवी होती, जशी होती तशीच.

तिचा जन्म १३ जून १९१० चा, मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरातला. मूळ आडनाव विकेनहाउझर, वडील बँकेत. वॉशिंग्टन विद्यापीठातून १९३० साली ती पदवीधर झाली, विषय राज्यशास्त्र. वकील व्हायचं तिच्या मनात होतं, पण नाटकाने ओढून नेलं. १९३८ च्या उन्हाळ्यात ती कनेक्टिकटमधल्या स्टोनी क्रीक गावी नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या नाटकमंडळीत होती. ‘टू मच जॉन्सन’ हे जुनं प्रहसन बसवताना वेल्सने मध्ये दाखवायला एक मूकपटही चित्रित केला, त्यात तीही होती. हा मूकपट त्या नाट्यगृहात दाखवताच आला नाही. पुढे माद्रिदमधल्या वेल्सच्या घराला आग लागली, तेव्हा तो जळून गेला असं सगळ्यांनी धरलं. आणि २००८ साली इटलीतल्या पोर्देनोने गावच्या एका गोदामात त्याची प्रत सापडली! २०१३ मध्ये तिथल्याच मूकपट महोत्सवात ती दाखवली गेली. तोवर विक्सला जाऊन अठरा वर्षं झाली होती.

खरं नाव झालं ते ‘द मॅन हू केम टु डिनर’मुळे. जॉर्ज कॉफमन आणि मॉस हार्ट यांचं हे नाटक १६ ऑक्टोबर १९३९ रोजी ब्रॉडवेवर लागलं आणि ७३९ प्रयोग चाललं. पाहुणा म्हणून आलेला एक विख्यात, तिरसट गृहस्थ पडून जायबंदी होतो आणि यजमानांच्या घरात ठाण मांडतो. त्याची चाकाची खुर्ची ढकलणारी नर्स म्हणजे मिस प्रीन. तो तिचा पदोपदी अपमान करतो, ती गिळत राहते. शेवटाकडे तिला एकच लांब भाषण आहे. या माणसाची शुश्रूषा केल्यावर रुग्णसेवेवरूनच आपला विश्वास उडाला, आता दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करीन, असं ती सुनावते आणि चालू लागते. या भाषणाचं बळ त्याच्या आधीच्या गप्प राहण्यात आहे. मागे उभं राहून ऐकताना नटीने एकदाही प्रेक्षकांची दया मागितली असती, तर हा स्फोट फुसका ठरला असता. १९४२ च्या चित्रपटात बेटी डेव्हिससारखी तारका आली, पण मिस प्रीन विक्सचीच राहिली. १९७२ साली टीव्हीसाठी हेच नाटक पुन्हा केलं गेलं तेव्हाही नर्स तीच, आणि खुर्चीतला तिरसट माणूस झाला होता ऑर्सन वेल्स. पहिल्या प्रयोगाला तेहतीस वर्षं उलटल्यावर तीच भूमिका, आणि समोर स्टोनी क्रीकचा तो जुना नाटकवाला.

मधल्या काळात टीव्हीने कात टाकली होती. ‘आय लव्ह लुसी’च्या निर्मात्यांनी ठरवलं की मालिका थेट दाखवायची नाही, ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, एका वेळी तीन कॅमेऱ्यांनी, समोर प्रेक्षक बसवून चित्रित करायची. अडचण प्रकाशाची होती. सिनेमात प्रत्येक कोनासाठी दिवे नव्याने लावतात, इथे तिन्ही कोन एकाच वेळी चालू. ‘मेट्रोपोलिस’ चित्रित केलेल्या कार्ल फ्रॉइंडने दिवे वर टांगून सगळं नेपथ्य एकसारखं उजळलं आणि प्रश्न सोडवला. फिल्म उत्तम प्रतीची असल्याने हे भाग पुन्हापुन्हा दाखवता आले. आज सत्तर वर्षांनंतरही ते लख्ख दिसतात ते त्यामुळेच.

या मालिकेच्या ‘द बॅले’ या भागात, १८ फेब्रुवारी १९५२ रोजी, विक्स मादाम लामाँ नावाची नृत्यशिक्षिका होऊन आली. मालिकेत लुसी झालेली लुसिल बॉल ही पुढे तिची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या नंतरच्या मालिकांतही विक्स येत राहिली. या भागात लुसीला बॅले शिकायचं आहे आणि तिचा पाय सरावाच्या आडव्या दांड्यात अडकतो. हसू येतं ते लुसीच्या धडपडीचं, पण ती धडपड विनोदी ठरते कारण खोलीत एक व्यक्ती अशी आहे जिच्या दृष्टीने इथे काहीच गमतीचं चाललेलं नाही. मादामची बॅलेवर खरीखुरी निष्ठा आहे. विक्सने किंचित जरी ‘बघा, काय मजा’ असं सुचवलं असतं, तरी लुसीचा पाय नुसताच अडकला असता. शिवाय खरा प्रेक्षक खरा हसतो, तेव्हा हशा किती ओसरू द्यायचा आणि पुढचं वाक्य कधी टाकायचं हे नटाला त्या क्षणी ओळखावं लागतं. रंगमंचावर मुरलेल्या माणसांना ते येतं. नव्या माध्यमाने त्यांना हातोहात उचललं त्याचं हेही एक कारण.

आता सर्वांत अद्भुत गोष्ट. डिस्नेच्या १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मधली क्रुएला डी व्हिल, कुत्र्याच्या पिल्लांच्या कातड्यावर डोळा असलेली ती खलनायिका, आठवते ना? आवाज बेटी लू गर्सनचा. पण ती चालते कशी, फरचा कोट कसा भिरकावते, दारातून आत कशी घुसते, हे चित्रकार मार्क डेव्हिसला दाखवलं मेरी विक्सने. डिस्नेच्या स्टुडिओत अशी पद्धत होती की नटाकडून प्रसंग करवून घेऊन ते चित्रित करायचे आणि त्या छायाचित्रांचा अभ्यास करून चित्रकाराने आपल्या रेषा काढायच्या. डेव्हिससारखा कलावंत ती गिरवत बसत नसे. त्यातलं वजन, झोक, सांध्यांची मोड तेवढी उचलायचा आणि मग अतिशयोक्ती करायचा. विक्सचे लांब हातपाय आणि काटकोनी कोपर त्याला आयतेच मिळाले. बाकी साऱ्या छोट्या भूमिकांत नावं कुठे ना कुठे झळकली. इथे तिचं शरीर जगातल्या अत्यंत गाजलेल्या व्यंगरेषांपैकी एक बनलं आणि पाहणाऱ्याला पत्ताच लागला नाही.

टीव्हीवर ती दिसतच राहिली. ‘डेनिस द मेनेस’मधली लग्नोत्सुक मिस कॅथकार्ट, ‘मॅश’मध्ये सैन्यातली नर्स-कर्नल, ‘डॉक’ मालिकेत नर्स टली, ‘फादर डाउलिंग मिस्टरीज’मध्ये पाद्र्याच्या घरची कारभारीण. नर्स, मोलकरीण, जोगीण, शेजारीण. साचा तोच वाटेल, पण तिच्या नोकरमाणसांना मालकाइतकंच स्वतःचं मत असतं. त्या घरात ती कथा सुरू होण्याआधीपासून राहते आहे आणि संपल्यावरही राहील, असा तिचा वावर असे. अर्ध्या पानाच्या भूमिकेत हे उभं करायचं म्हणजे प्रवेश करतानाच सगळं बरोबर आणावं लागतं; नंतर कमवायला वेळ नसतो. एमीसाठी तिला नामांकन मिळालं ते १९६२ साली, गर्ट्रूड बर्गच्या मालिकेसाठी. पुरस्कार मिळाला नाही. मला विचाराल तर हा त्या पुरस्काराचाच तोटा.

१९९२ च्या ‘सिस्टर ॲक्ट’मधली खमकी सिस्टर मेरी लॅझरस करताना ती ब्याऐंशीच्या घरात होती. शेवटचं काम डिस्नेच्याच ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मधल्या लाव्हर्न या दगडी पुतळीच्या आवाजाचं. ते पुरं होण्याआधी, २२ ऑक्टोबर १९९५ रोजी, ती गेली. उरलेले संवाद जेन विदर्सने म्हटले. मृत्युपत्रात तिने वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वीस लाख डॉलर ठेवले होते, आईवडिलांच्या नावे. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि नाट्यकलेची पुस्तकं घेण्यासाठी.

तिला भेटायचं असेल तर ‘द बॅले’पासून सुरुवात करा, तो भाग अर्ध्या तासाचाही नाही. पहिल्यांदा लुसीला पाहून मनसोक्त हसून घ्या. मग तोच भाग पुन्हा लावा आणि सारा वेळ नजर मादामवर ठेवा. ते झालं की ‘कोलंबो’ या मालिकेचा १९७१ चा ‘सूटेबल फॉर फ्रेमिंग’ हा भाग शोधा. त्यात खून झालेल्या मुलीची घरमालकीण म्हणून ती थोडाच वेळ येते, आणि समोर मालिकेचा नायक पीटर फॉक असूनही डोळे तिच्यावरून हलत नाहीत.