बाटलीतला ठसका आणि डब्यातले तिखट

टॅबॅस्को या अमेरिकी सॉसचा तिखटपणा २,५०० ते ५,००० स्कोव्हिल एकके भरतो. हा आकडा बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेला आहे आणि मिरचीच्या जगात तो खालच्या पायरीवरचा आहे. मराठी घरातल्या मसाल्याच्या डब्यातले जहाल तिखट ३०,००० एककांच्या घरात जाते. ईशान्य भारतातल्या भूत झोलकियाची २००७ साली गिनेस बुकात नोंद झाली, ती दहा लाखांच्या वर. तरीही हॉटेलच्या टेबलावरची ती अंगठ्याएवढ्या तोंडाची बाटली लोक जपूनच उचलतात. पहिल्या घासाला ठसका लागला, की सॉस फार तिखट आहे असे ठरून जाते. तो किती तिखट आहे हे कळायला आधी माप कळले पाहिजे आणि मग प्रमाण.

हे माप विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली काढले. मिरचीचा अर्क अल्कोहोलमध्ये उतरवायचा, तो साखरेच्या पाण्यात मिसळायचा आणि पाच जणांना चाखायला द्यायचा. पाचांपैकी तिघांना तिखटपणा जेमतेम जाणवेल इथपर्यंत अर्क पातळ करत न्यायचा. जितके पट पातळ करावे लागले, तितकी एकके. पद्धत साधी, पण भरवशाची नाही, कारण दोन-चार नमुने चाखले की जीभ बधिर होते. आता कॅप्सायसिन आणि त्याच्या भावंड द्रव्यांचे वजन यंत्राने मोजतात आणि ते स्कोव्हिलमध्ये बदलून सांगतात. शुद्ध कॅप्सायसिन १ कोटी ६० लाख एककांचे धरले जाते. म्हणजे ४,००० एककांच्या सॉसमध्ये त्याचा वाटा चार हजारांत एक.

इथे एक गफलत नेहमी होते. मिरच्यांचे आकडे सहसा वाळलेल्या मिरचीचे असतात, सॉसचा आकडा मात्र बाटलीतल्या ओल्या द्रवाचा. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे सुके खोबरे आणि नारळाचे दूध एकाच मापाने जोखणे. टॅबॅस्को ज्या मिरचीपासून बनतो ती ३०,००० ते ५०,००० एककांची. सॉसमध्ये येईपर्यंत तिचा जोर दहाव्या हिश्शावर येतो, याचे कारण बनवण्याच्या रीतीत आहे.

एडमंड मॅकलहेनी यांनी १८६८ साली लुइझियानातल्या एव्हरी बेटावर हा सॉस बनवायला सुरुवात केली. मिरची पूर्ण पिकली की नाही हे पाहण्यासाठी तोडणाऱ्याच्या हातात लाल रंगाची एक छोटी काडी असते. तिच्या रंगाशी रंग जुळला तरच मिरची तोडायची. तोडलेली मिरची मीठ घालून वाटतात आणि तो लगदा ओकच्या पिंपात भरतात. पिंपाच्या झाकणावर मिठाचा थर चढवतात आणि आत लगदा तीन वर्षांपर्यंत मुरतो. लोणचे मुरवणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. मुरलेल्या लगद्यात व्हिनेगर घालून तो काही आठवडे ढवळतात, मग बिया आणि साले गाळून उरलेला पातळ रस बाटलीत जातो. मिरची, मीठ आणि व्हिनेगर, एवढेच जिन्नस. त्यांत मोठा भाग व्हिनेगरचा. मिरचीचा जोर तिथेच पातळ होतो.

आता घरातला हिशेब. छोटी बाटली ५७ मिलिलिटरची असते. चार हजारांत एक या वाट्याने आख्ख्या बाटलीत सुमारे १४ मिलिग्रॅम कॅप्सायसिन भरते. ३२,००० एककांच्या लाल तिखटात तेवढे कॅप्सायसिन केवळ ७ ग्रॅममध्ये असते, म्हणजे चहाच्या जवळपास तीन चमच्यांत. हिवाळ्यात ताजा मटार मराठी घरात उसळीला आला आणि चौघांच्या पातेल्यात दोन चमचे जहाल तिखट पडले, तर अर्ध्याहून अधिक बाटली रिकामी केल्यासारखे झाले. ती उसळ घरातले सगळे पोळीशी खातात आणि कोणी त्याला साहस म्हणत नाही. तिखटाची जात बदलली की हिशेबही बदलतो. ब्याडगी रंगाला उजवी, जाळाला मवाळ. लवंगी लहानखुरी, पण जहाल. म्हणूनच जाणती बाई तिखट कुटताना मिरच्यांचे मिश्रण करते, एक रंगासाठी आणि दुसरी जाळासाठी.

ठेच्याची गोष्ट थोडी वेगळी. ताज्या हिरव्या मिरचीत बहुतेक पाणीच असते. वाळल्यावर ४०,००० एककांची ठरणारी मिरची ओली असताना, ८५ टक्के पाणी धरले, तर ६,००० एककांची उरते. तव्यावर भाजून लसूण, शेंगदाणे आणि मीठ घालून ती ठेचली आणि निम्मा ठेचा मिरचीचा मानला, तर आकडा ३,०००वर येतो. म्हणजे वाटीतला ठेचा आणि बाटलीतला सॉस जवळपास एकाच पातळीचे. फरक आहे तो पानात किती वाढले जाते याचा. सॉस थेंबांनी पडतो, बाटलीच्या तोंडाला बसवलेली बारीक तोटी त्याला धारेने येऊच देत नाही. भाकरीवर ठेचा मात्र चमच्याने येतो.

सॉस आकड्यापेक्षा तिखट भासतो, त्यात व्हिनेगरचा हात मोठा आहे. त्याची वाफ घास तोंडात जाण्याआधीच नाकात शिरते, ठसका बराचसा तिचाच. दुसरे कारण मज्जातंतूंत आहे. उष्णता टिपणारा एक ग्राहक रेणू जिभेवर असतो. ४३ अंश सेल्सियसच्या पुढे तापमान गेले की तो मेंदूला भाजल्याची खबर देतो. कॅप्सायसिन त्यालाच चेतवते, म्हणून तिखट ही खरे तर चव नसून जळल्याची वेदना आहे. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली तो शोधला आणि २०२१ चे नोबेल ज्युलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत मिळाले. आंबटपणाने हा ग्राहक अधिक हळवा होतो. त्यामुळे व्हिनेगरमधले थोडे तिखटही जिभेला जास्त लागते. पण पातळ सॉस जिभेवरून लवकर उतरतो आणि आगही लवकर निवते. मिसळीच्या तर्रीचे तसे नाही. कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. तर्रीतले तेल ते बरोबर आणते, तोंडभर पसरवते आणि तिथेच रेंगाळते.

हातांनाही हाच अनुभव येतो. महाराष्ट्रातली मिरचीची मोठी बाजारपेठ नंदुरबारला आहे. तिथे ओल्या लाल मिरच्या वाळवण्यासाठी पसरतात, त्या जागेला पथारी म्हणतात. पथारीवर दिवसभर मिरची हाताळणाऱ्यांच्या बोटांची आग नुसत्या पाण्याने जात नाही. आधी तेल चोळून मग साबणाने धुतले तर बरे वाटते. जिभेसाठी तेच काम दूध, दही किंवा ताक करते. त्यांतले स्निग्धांश आणि केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून बाजूला नेतात. पाण्याच्या घोटाने क्षणभर गार वाटते आणि आग पुन्हा वर येते.

याच कंपनीचे इतर सॉस पाहिले तर अंतर आणखी स्पष्ट होते. हालापेन्यो मिरचीचा हिरवा सॉस ६०० ते १,२०० एककांचा, म्हणजे मूळ लाल सॉसहून बराच सौम्य. हबानेरोचा ७,००० आणि पुढे. स्कॉर्पियन मिरचीचा सगळ्यांत जहाल, २३,००० ते ३३,००० एककांचा. ही बाटली मात्र थेंबानेच वापरावी, कारण तिचा एक चमचा जोराने डब्यातल्या तिखटाच्या तेवढ्याच वजनाच्या बरोबरीचा असतो.