टाय काढा, एसी आवरा!

बाहेर ऊन मी म्हणतंय आणि ऑफिसात शिरलं की थेट कुलू-मनाली! एसी १८ वर, ब्लेझरवाले साहेब खूश आणि कोपऱ्यातली कलीग ओढणी गुंडाळून कीबोर्ड बडवतेय. सीन ओळखीचा आहे ना? जपानमध्ये हा सीन बदलायला चक्क सरकार मैदानात उतरलं. सुरुवात कुठून केली? लोकांच्या गळ्यातल्या टायपासून!

गोष्ट २००५ सालची. त्या फेब्रुवारीत क्योटो करार लागू झाला. हा करार १९९७ मध्ये जपानच्याच क्योटो शहरात ठरलेला, म्हणजे इज्जत का सवाल! १९९० च्या तुलनेत कार्बन उत्सर्जन ६ टक्क्यांनी खाली आणायचं होतं आणि इकडे ऑफिसांमधला विजेचा वापर वाढतच चाललेला. तिथला नोकरदार म्हणजे दमट उन्हाळ्यातही गडद सूट आणि टाय. मग एसी गारेगार हवाच!

तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी नेमकी हीच गाठ सोडवली. १ जूनपासून 'कूल बिझ' सुरू. ऑफिसचं तापमान २८ अंश, जॅकेट आणि टायला सुट्टी. नावसुद्धा लोकांकडूनच मागवलेलं.

असा प्रयोग आधीही झाला होता, बरं का. १९७९ च्या तेलसंकटात पंतप्रधान मासायोशी ओहिरा अर्ध्या बाह्यांचा सूट घालून फिरले. लोकांनी पाहिलं, हसले आणि विसरले. आयडिया सपशेल फ्लॉप!

मग कूल बिझ कसं चाललं? एक तर कुठलाही विचित्र कपडा घालायचा नव्हता, फक्त काढायचा होता. आणि दुसरं म्हणजे सुरुवात वरून झाली. पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी स्वतः टायशिवाय दिसू लागले. आइची एक्स्पोमधल्या फॅशन शोमध्ये तर टोयोटाचे तेव्हाचे चेअरमन हिरोशी ओकुडा मॉडेल झाले. चेअरमनच रॅम्पवर आल्यावर ज्युनिअरनं कुणाला घाबरायचं? टाय बनवणारे मात्र वैतागले आणि तक्रार घेऊन सरकारकडे गेले!

पहिल्या उन्हाळ्यात सुमारे ४ लाख ६० हजार टन कार्बन डायऑक्साइड वाचल्याचा पर्यावरण खात्याचा अंदाज होता. दुसऱ्या वर्षी ११ लाख ४० हजार टन. पण जपानचं तेव्हाचं वर्षाचं उत्सर्जन १३० कोटी टनांच्या घरात. म्हणजे टाय काढून देश वाचत नाही, हे कबूल. २८ अंशांवर कुरकुरही झाली. खरं तर हा आकडा खोलीच्या तापमानाचा, रिमोटवरचा नव्हे. २०१७ मध्ये तर सरकारमध्येच यावरून वाद रंगला.

पण सवयीची किंमत कळली २०११ मध्ये. मार्चमधल्या भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा दुर्घटनेनंतर विजेचा तुटवडा पडला. टोकियो आणि तोहोकू भागातल्या मोठ्या ग्राहकांना त्या उन्हाळ्यात वापर १५ टक्क्यांनी कमी करायचा आदेश निघाला. सरकारनं लगेच 'सुपर कूल बिझ' आणलं: पोलो शर्ट, हवाईयन शर्ट, सँडलसुद्धा चालतील! सहा वर्षं टायशिवाय काढलेल्या ऑफिसांना तो धक्का पचवणं सोपं गेलं.

आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगच्या रूम एसींना २४ अंशांचं डिफॉल्ट सेटिंग सक्तीचं झालं. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. पण डिफॉल्ट बदलायला एक बटण पुरतं. आणि ते बटण दाबणारा हात बहुतेक वेळा ब्लेझरच्या बाहीतूनच बाहेर येतो!

तेव्हा पुढच्या वेळी एचआरला गोड आवाजात विचारा, आपला ड्रेस कोड मुंबई-पुण्याच्या हवेसाठी लिहिलाय की लंडनच्या? आणि तुम्हीच साहेब असाल, तर उद्यापासून कॉटनचा शर्ट घालून या. बाकीचे आपोआप येतील.