औषधाचा थेंब आणि डोळ्यांतील दाब

पहिला पाऊस होऊन पंधरा दिवस लोटले कीं पुण्यांतील मोकळ्या जागा, नदीकांठ, रेल्वेच्या रुळांच्या कडा आणि बांधकामासाठीं उकरलेली जमीन एका हिरव्यागार तणानें भरून जाते. पानें गाजराच्या पानांसारखीं, म्हणून लोक त्याला गाजर गवत म्हणतात. बारीक पांढऱ्या फुलांवरून कोणी चटकचांदणीही म्हणतात. आणि काँग्रेस गवत हें नांव तर सर्वांच्याच तोंडीं आहे. मूळ अमेरिकेंतील हें तण भारतांत फैलावत असल्याचें शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें तें पुण्यांतच, १९५५ च्या सुमारास. परदेशाहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचें बीं आलें, असें सामान्यतः मानतात.

या गवतांत पार्थेनिन नांवाचें एक द्रव्य असतें. ज्यांच्या प्रकृतीला तें सोसत नाहीं त्यांच्या त्वचेस भयंकर खाज सुटते, कातडी जाड व काळवंडलेली होते. पुण्यांतील अशा रुग्णांची हकीकत १९७४ सालीं लोणकर, मिचेल व कॅलनन या वैद्यांनीं प्रसिद्ध केली. गवताची सुकी भुकटी वाऱ्याबरोबर येते. त्यामुळें हा विकार शरीराच्या उघड्या भागांवर, आणि विशेषेंकरून पापण्यांवर व मानेच्या घड्यांत, ठाण मांडून बसतो. शेतांत वा बागेंत काम करणारांना तो अधिक. यावर स्टेरॉइडचें मलम लावलें कीं दोन-तीन दिवसांत उतार पडतो. पुढच्या पावसाळ्यांत खाज पुन्हा सुटते आणि जुनी चिठ्ठी घेऊन, किंवा चिठ्ठीवांचूनच, तीच नळी पुन्हा आणली जाते. पापणीची त्वचा शरीरांत सर्वांत पातळ असते, आणि तिच्यावर लावलेलें मलम डोळ्यांतही उतरतें.

स्टेरॉइड हें कांहीं वाईट औषध नव्हे. १९४८ सालीं अमेरिकेंत कॉर्टिझोन दिल्यावर सांधे आखडून अंथरुणास खिळलेले रुग्ण चालूं लागले, आणि १९५० सालीं त्या शोधाबद्दल हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु १९५४ मध्येंच बेल्जियमचे नेत्रवैद्य फ्रांस्वा यांनीं कॉर्टिझोनचे थेंब दीर्घकाळ घातल्यानें काचबिंदू झाल्याचें नमूद करून ठेवलें.

असें कां व्हावें? डोळ्याच्या गोलाचा आकार आंतील दाबानें टिकतो. रंगीत पडद्याच्या मागें पाण्यासारखा एक स्वच्छ द्रव अखंड तयार होत असतो. (अश्रूंशीं याचा संबंध नाहीं, अश्रु बाहेरचे, हा आंतला.) तो बाहुलींतून पुढें येतो, आणि पारदर्शक बुबुळ व रंगीत पडदा जेथें मिळतात त्या कोनांतील एका सूक्ष्म जाळींतून झिरपून शेवटीं रक्तांत मिसळतो. ओघ अगदीं मंद, मिनिटास मिलिलिटरचे दोन-तीन सहस्रांश एवढाच. पण येणें आणि जाणें सारखें असेल तोंवरच दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो.

ही जाळी म्हणजे निर्जीव चाळणी नव्हे. तिच्या तंतूंवर जिवंत पेशींचें अस्तर असतें. वाहून आलेला केर गिळणें, जुने तंतु विरघळविणारीं द्रव्यें स्रवणें, अशी झाडलोट त्या पेशी रात्रंदिवस करतात. वाड्यांतील मोरी रोज झाडली नाहीं तर काय होतें, हें जुन्या पुणेकरांना सांगणें नको. स्टेरॉइड या पेशींत शिरून एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतें आणि त्याच्यासह पेशीच्या केंद्रांत जातें. कोणतें द्रव्य किती बनवावें याच्या आज्ञा तेथें असतात. त्या आज्ञांचाच अंमल बदलतो. सूज आणणारीं द्रव्यें कमी होतात, हा औषधाचा गुण. परंतु त्याच वेळीं जाळींत तंतुमय द्रव्य सांचूं लागतें, तें विरघळविण्याची क्रिया मंदावते, केर गिळण्याची शक्ति कमी होते आणि पेशींचा आंतील सांगाडा ताठर होतो. मोरी तुंबते, पाणी मात्र येतच राहतें.

सर्वांचेंच असें होत नाहीं. १९६० नंतरच्या वर्षांत आर्माली व बेकर या अमेरिकन नेत्रवैद्यांनीं कांहीं आठवडे थेंब घालून दाब मोजले, तेव्हां शंभरांत सुमारें पांच-सहा जणांचा दाब फार चढला, जवळजवळ तिसऱ्या हिश्शाचा मध्यम, आणि उरलेल्यांचा फारसा हलला नाहीं. ज्यांना आधींच काचबिंदू आहे, ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना तो आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा दूरचें फार कमी दिसतें, त्यांना धोका अधिक. लहान मुलांचा दाबही लवकर चढतो. आणि उन्हाळा आला कीं डोळे चोळणाऱ्या, लाल डोळ्यांच्या मुलांनाच हे थेंब वर्षानुवर्षें घातले जातात. थेंबानें मुलाला बरें वाटतें, म्हणून आई ते घालते. तिला दोष कोण देणार?

खरी अडचण अशी कीं हा दाब बहुधा दुखत नाहीं. दृष्टिनाडींत दहा लाखांहून अधिक तंतु असतात. ते एकेक करून मरतात आणि नजर कडेकडून आंत आक्रसत येते. समोरची अक्षरें स्पष्ट वाचतां येतात. परंतु लक्ष्मी रस्त्यावर बाजूनें येणारी दुचाकी एकाएकीं अंगावर आल्यासारखी वाटते. तोंवर पुष्कळ तंतु गेलेले असतात, आणि ते परत येत नाहींत. मोतीबिंदू काढून दृष्टि मिळते, तसें येथें होत नाहीं.

वेळीं कळलें तर मात्र उपाय आहे. औषध थांबविल्यावर बहुधा कांहीं आठवड्यांत दाब उतरतो. वर्षानुवर्षें थेंब चालू असल्यास तो तसाच राहूं शकतो, आणि मग दाब उतरविणारे थेंब किंवा शस्त्रक्रिया यांचा आश्रय करावा लागतो. सौम्य प्रकारचीं स्टेरॉइडें आहेत, स्टेरॉइड नसलेलीं औषधेंही आहेत. निवड नेत्रवैद्यानें करावयाची. दीर्घकाळ पोटांत घेतलेल्या गोळ्या स्वतःच्या मनानें एकदम बंद करणें तर जिवावर बेतूं शकतें. दाब मोजण्यास पांच मिनिटेंही पुरत नाहींत. तपासणीच्या वेळीं पापणीवर कोणतें मलम लावतां, हें नेत्रवैद्याला मुद्दाम विचारावें लागतें. कारण रुग्णाच्या मतें तें डोळ्याचें औषध नसतेंच.